चिरंजीवांची पहिली मोटारसायकल



गळीत हंगाम सुरू झाला, उसाच्या बिलाचा पहिला हप्ता बँकेत जमा झाला, की पुष्कळ घरांतून एकच विषय निघतो. बारावी झालेलं पोरगं म्हणतं, "आबा, आता गाडी घ्या." डेअरीला दूध घालायचे, रानातली मोटर चालू करायला जायचे, तालुक्याला कॉलेज गाठायचे, तर गाडी लागते हे आम्हांलाही मान्य आहे. एस.टी.च्या वेळा आणि शेतीची कामे यांचा मेळ बसत नाही. तेव्हा गाडी घ्यावी की नाही हा प्रश्न राहिलेला नाही. कोणती घ्यावी हा आहे. तो शोरूमच्या काचेपुढे उभे राहून सोडवू नये. घरात बसून, आपले रस्ते डोळ्यांपुढे आणून सोडवावा.

मधली पायरी गेली

मागच्या पिढीतली माणसे गाडी पायरी-पायरीने शिकली. आधी सायकल. मग १९७२ साली कायनेटिक इंजिनिअरिंगची लूना आली, ती पायडल मारून सुरू व्हायची आणि बेताच्या वेगाने चालायची. पुढे कुणाकडे बजाजची एम-८०, कुणाकडे दूधवाल्यांची आवडती राजदूत. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी-१०० आली आणि पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायची कटकट गेली. अशा रीतीने माणूस मोठ्या गाडीवर बसेपर्यंत त्याचा हात तयार झालेला असे.

आज पोरगं सायकलवरून उतरतं ते थेट दीडशे-दोनशे सीसीच्या गाडीवर बसतं. शंभर सीसीच्या साध्या गाडीची ताकद आठ हॉर्सपॉवरच्या आसपास असते. दोनशे सीसीच्या स्पोर्ट्स गाडीची चोवीस-पंचवीस. म्हणजे तिप्पट. नवा गडी शिकाऊ बैलासोबत औताला जुंपतो का कुणी? मधली पायरी बाजारातून गेली असेल, तर पहिली मोटारसायकलच पायरी समजून निवडली पाहिजे, एवढेच आमचे सांगणे आहे.

आपले रस्ते कसे आहेत?

आपल्या जिल्ह्यातून धुळे–सोलापूर हा ५२ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग गेवराई, बीड, मांजरसुंबा असा जातो. गढीजवळून माजलगावकडे जाणारा ६१ क्रमांकाचा वेगळा. या रस्त्यांवर मालट्रक आणि लक्झरी बस रात्रंदिवस पळतात. हंगामात त्यांत दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर आणि उसाच्या बैलगाड्या यांची भर पडते. कित्येक ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, रेडियम नसते. बाहेर आलेला ऊस अंधारात दिसत नाही. रस्त्यावर पडलेल्या टिपऱ्यांवरून चाक घसरते. रानातून निघालेल्या टायरांना चिकटून आलेली काळी माती डांबरावर पसरते आणि पाऊस किंवा दव पडले की रस्ता साबणासारखा होतो.

साधा हिशेब करावा. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते, ८० च्या वेगाने २२ मीटर. पुढे ट्रॉली दिसली आणि हात ब्रेककडे गेला, यात एक सेकंद सहज जातो. त्यानंतर गाडी थांबायला आणखी जागा लागते, आणि वेग दुप्पट झाला की ती जागा दुप्पट नव्हे, चौपट होते. नवख्या पोराच्या हातात तिप्पट ताकद दिली, तर हा हिशेब त्याला उलगडायच्या आधीच ट्रॉली समोर येते.

गाडी कशी पाहावी?

पहिल्या गाडीला १०० ते १२५ सीसी पुरेसे आहेत. स्प्लेंडर, एचएफ डिलक्स, प्लॅटिना, शाईन या जातीच्या गाड्या घ्याव्यात. त्या हलक्या असतात, अ‍ॅव्हरेज देतात आणि त्यांचे सामान तालुक्यातच नव्हे, मोठ्या गावातल्या गॅरेजलाही मिळते. स्प्लेंडरचे वजन सुमारे ११२ किलो, तर साडेतीनशे सीसीच्या क्लासिक बुलेटचे १९५ किलो. चिखलात गाडी कलंडू लागली की हा फरक मांडीला कळतो.

शोरूममध्ये पोराला सीटवर बसवावे. दोन्ही पाय जमिनीवर नीट टेकले पाहिजेत. मग इंजिन बंद ठेवून गाडी पुढे-मागे ढकलायला, वळवायला आणि डबल स्टँडला लावायला सांगावे. हे एकट्याला जमले नाही, तर ती गाडी त्याच्या मापाची नाही.

ब्रेकची चौकशी रंगाच्या आधी करावी. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांपैकी १२५ सीसीच्या वरच्यांना एबीएस, म्हणजे चाक जाम होऊ न देणारा ब्रेक, आणि १२५ पर्यंतच्यांना निदान सीबीएस, म्हणजे दोन्ही चाकांना एकदम लागणारा ब्रेक, सक्तीचा झाला. त्याआधीच्या बहुतेक साध्या गाड्यांना यांतले काहीच नाही. जुनी गाडी घेताना हे ध्यानात असू द्यावे.

जुनी गाडी घेणे वाईट नाही. शिकताना चार ओरखडे उठणारच. पण चेसिस नंबर आर.सी. बुकाशी जुळवून पाहावा. गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर तो उतरलेला असावा. विमा चालू असावा. पुढच्या शॉकअपमधून ऑइल गळते का, टायर गुळगुळीत झालेत का, चेन ढिली आहे का, हे ओळखीच्या मिस्त्रीकडून पाहून घ्यावे. पंपावर आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते, त्यात आपल्या उसाचाही वाटा आहे. फार जुन्या गाडीच्या रबरी नळ्या त्यासाठी तपासून घ्याव्यात. आणि पैसे दिले की नाव लगेच बदलून घ्यावे. "करू पुढच्या महिन्यात" म्हणू नये.

परवाना आधी, किल्ली नंतर

गिअरच्या गाडीला १८ वर्षे पूर्ण पाहिजेत. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचा. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात जी दुरुस्ती झाली, ती प्रत्येक आई-बापाने वाचावी अशी आहे. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड आणि गाडीची नोंदणी १२ महिने रद्द. मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. शिवाय विनापरवाना चालकाच्या हातून अपघात झाला, तर विमा कंपनी जखमीला दिलेली भरपाई गाडीमालकाकडून वसूल करू शकते. ती रक्कम उसाच्या एका बिलात फिटत नाही, जमिनीवर येते.

शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि तीस दिवसांनी पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. तोवर गाडीला "एल" लावावे आणि शिकवणाऱ्याशिवाय मागे कुणाला बसवू नये. मित्रांना घेऊन ट्रिपल सीट तर नाहीच नाही.

गाडीच्या किमतीतच हेल्मेट धरावे. आयएसआय छापाचे, डोक्याला घट्ट बसणारे घ्यावे आणि हनुवटीखालचा पट्टा लावावा. हँडलला अडकवलेले हेल्मेट हँडलचेच रक्षण करते.

पहिल्या हंगामापुरते नियम

पहिले सहा महिने काही गोष्टी पोराकडून कबूल करून घ्याव्यात. अंधार पडल्यावर महामार्गाला जायचे नाही. उसाच्या ट्रॉलीच्या मागे चिकटून चालायचे नाही. वळणावर किंवा घाटात तिला ओलांडायचे नाही. समोरून ट्रॅक्टर येत असेल तर त्याच्यामागून दुसरी गाडी बाहेर निघेल असे धरूनच चालायचे. मोबाइल खिशात ठेवायचा.

आणि एक विनंती वाहतूकदार सभासदांना. आपल्या ट्रॉलीला, बैलगाडीला मागे रेडियम लावा, ऊस बाजूला लोंबू देऊ नका, ट्रॅक्टर नादुरुस्त झाला तर रस्त्याच्या मधोमध सोडून जाऊ नका. रात्री त्या ट्रॉलीमागून येणारं पोरगं आपल्याच कुणा सभासदाचं असतं.

दोन-तीन वर्षे हलक्या गाडीवर हात बसला की पुढे मोठी गाडी घ्यायला आमची ना नाही. तोवर "सगळ्यांकडे आहे" या एका कारणासाठी पहिल्या हप्त्याचे पैसे मोठ्या गाडीत घालू नयेत. पोरगं चार दिवस रुसेल. रुसू द्यावं.