आजीआजोबांच्या तोंडचा इतिहास

इ. स. १९७२ सालीं महाराष्ट्रांत जो मोठा दुष्काळ पडला, त्याची हकीकत सरकारी दप्तरांत सांपडते. पाऊस कोठें किती कमी झाला, दुष्काळी कामांवर मजूर किती होते, हें तेथें नमूद आहे. परंतु खडी फोडण्यास गेलेल्या बाईनें आपलें तान्हें मूल कोठें निजविलें, परदेशांतून आलेल्या तांबड्या मिलो ज्वारीची भाकरी कशी लागे, कामावर मिळालेली सुकडी घरीं कोणासाठीं राखून ठेवीत, हें त्या दप्तरांत मिळावयाचें नाहीं. तें ज्यांना ठाऊक आहे, त्या बाया आज सत्तरी ओलांडून गेल्या आहेत. आणि त्यांपैकीं कित्येक जणी या अंकाच्या वाचकांच्याच आज्या असतील.

अशा आठवणी सांगणाराच्याच आवाजांत टिपून जतन करणें, यास मौखिक इतिहास म्हणतात. अमेरिकेंत कोलंबिया विद्यापीठांत ॲलन नेव्हिन्स यांनीं १९४८ सालीं या कार्यास पद्धतशीर आरंभ केला. तथापि त्यांचा रोख मुख्यतः नामांकित लोकांकडे होता. आपल्याकडे पुण्याच्या हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह खेडोपाडीं हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. जें सासरीं कोणापाशीं बोलतां येत नव्हतें, तें बायकांनीं जात्यापाशीं बोलून ठेविलें होतें. पिठाच्या गिरण्या आल्यावर जातीं बंद पडलीं. पण ओव्या म्हाताऱ्या बायांच्या स्मरणांत होत्या, म्हणूनच त्या मिळाल्या.

घरच्या आठवणी टिपण्यास मोठें साहित्य लागत नाहीं, मोबाईल पुरतो. पंखा बंद करून तो बोलणारापासून हातभर अंतरावर, घडी केलेल्या चादरीवर ठेवावा. खरी अडचण प्रश्नांची आहे. "दुष्काळ कसा होता?" असें विचारलें कीं "फार हाल झाले, बाबा," एवढें बोलून आजी गप्प बसते. "त्या वर्षीं तूं पाणी कोठून आणीत होतीस? बरोबर कोण असे?" असें विचारावें, म्हणजे गोष्ट आपोआप वाहूं लागते. ती मध्येंच थांबली तर लगेच पुढचा प्रश्न टाकूं नये. पुष्कळदां सांगण्यासारखें जें असतें, तें त्या विरामानंतरच येतें.

वृद्ध माणसें सनावळीनें बोलत नाहींत. "थोरला रांगत होता तेव्हां" हीच त्यांची तारीख. अशा वेळीं सर्वांस ठाऊक असलेल्या घटनांचा आधार घ्यावा. पानशेतचें धरण फुटलें १२ जुलै १९६१ रोजीं, कोयनेचा भूकंप झाला ११ डिसेंबर १९६७ रोजीं, किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३ रोजीं. हें त्याच्या आधीं कीं नंतर, एवढें विचारलें तरी साल बरेंचसें निश्चित होतें. एकच प्रसंग दोघे भाऊ निरनिराळ्या तऱ्हेनें सांगतील, दोन्ही ठेवावे. कोणाचें खरें, याचा निवाडा नातवानें त्याच बैठकींत करण्याचें कारण नाहीं.

येथें पालकांस एक विनंति आहे. कर्ज, विकलेली जमीन, मुलीची सुटलेली शाळा, पाणवठ्यावर जातीवरून झालेली अडवणूक, असे विषय निघाले कीं "हें कशाला आतां?" म्हणून घरांतील कोणीतरी मध्यें पडतें, आणि जें इतरत्र कोठेंही लिहिलेलें नाहीं तेंच नेमकें बुडतें. सांगणारीनें स्वतः "हें बंद कर" म्हटलें तर यंत्र तत्काळ बंद करावें. परंतु तो अधिकार तिचा, इतरांचा नव्हे.

पुढें तें बोलणें कागदावर उतरवितांना तिची बोली सुधारूं नये. "व्हतं" चें "होतें" केलें कीं बाई निघून जाते आणि पाठ्यपुस्तक उरतें. मुद्रणाच्या आरंभींच सांगणाराचें नांव, जन्मगांव व दिनांक मोठ्यानें उच्चारावा. नाहींतर वीस वर्षांनीं हा आवाज थोरल्या आजीचा कीं धाकट्या, यावर घरांत वाद माजेल. आणि त्याच दिवशीं दोन-तीन प्रती काढून निरनिराळ्या घरीं ठेवाव्या, कारण मोबाईल पाण्यांत पडण्यास मुहूर्त लागत नाहीं.