उन्हाची मोजणी

मे महिन्यात जळगाव-धुळ्याचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. 'खानदेशचे ऊनच असे' म्हणून आपण गप्प बसतो. अहमदाबादही असेच बसले होते. मे २०१० मध्ये तेथे नेहमीपेक्षा सुमारे १३०० माणसे अधिक मेली. दाखल्यावर सहसा 'ऊन' लिहिलेले नसते. मृत्यूंच्या नोंदी इतर वर्षांशी ताडून पाहिल्या तेव्हा ते कळले. महानगरपालिका शिकली ती या मोजणीतून. २०१३ साली तिने उष्णता कृती आराखडा केला: आगाऊ इशारा, डॉक्टरांना प्रशिक्षण, पाणपोया. तेथल्या एका रुग्णालयाने नवजात बालकांचा कक्ष वरच्या मजल्यावरून खाली आणला. (इतकी साधी गोष्ट!) पुढे नागपूरनेही आराखडा केला.

पण इशारा पोचतो कोणाला? माझी आई भर दुपारी वीटभट्टीवर असे, आणि घरावर पत्रा. गावातल्या धाब्याच्या घरांचे मातीचे छप्पर ऊन अडवी. आमच्या वस्तीत स्वस्त म्हणून पत्रा आला. तेव्हा आपल्या दोन्ही महानगरपालिकांना विचारायचे ते हे: सफाई कामगाराची पाळी ऊन चढण्याआधी संपते काय? पत्र्यांना चुना कोण लावणार? आणि मे महिन्यातले मृत्यू कोण मोजणार? ही मोजणी विद्यार्थीही सुरू करू शकतील. दहा वर्षांचे महिनावार आकडे मागायला माहितीच्या अधिकाराचा एक अर्ज पुरतो.