जस्ताच्या भट्टीशेजारचा डोंगर

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातले पामर्टन हे गाव जस्ताच्या कारखान्याबरोबरच वसले. न्यू जर्सी झिंक कंपनीने १८९८ मध्ये येथे पहिली भट्टी पेटवली; जस्त गाळण्याचे काम १९८० साली थांबले. तोवर शेजारच्या ब्लू माउंटन डोंगराचा दोन हजार एकरांहून अधिक उतार बोडका झाला होता.

जस्ताच्या खनिजात बहुधा गंधक असते, शिवाय थोडे कॅडमियम आणि शिसे. खनिज भाजताना गंधकापासून सल्फर डायऑक्साइड वायू बनतो. पुढे भट्टीत जस्ताची वाफ करून ते वेगळे काढतात. जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळते, कॅडमियम मात्र ७६७ अंशांनाच, म्हणून ते सहज निसटते. धुराड्याबाहेर या वाफा थिजून अतिशय बारीक कण होतात आणि वारा नेईल तिथे जमिनीवर बसतात. पामर्टनच्या भट्टीजवळच्या जंगलात पाचोळ्याखालच्या थरात जस्ताचे प्रमाण काही ठिकाणी वजनाच्या १३ टक्क्यांपर्यंत आढळले. एरवी एक किलो मातीत ते ५० ते १०० मिलिग्रॅम असते.

एवढ्या जस्तात रोपांची मुळे खुरटतात आणि लोह नीट न मिळाल्याने पाने पिवळी पडतात. त्याहून खोल घाव बसला तो पालापाचोळा कुजवणाऱ्या बुरशी, जिवाणू आणि किड्यांवर. पामर्टनमध्ये पाचोळा कुजेना, त्याचे थर साचत गेले. कुजणे थांबले की झाडांची अन्नद्रव्ये मातीत परतत नाहीत. मेलेल्या झाडांच्या जागी नवी उगवत नाहीत, आणि मग उघडी माती पावसाबरोबर वाहून जाते.

कीटकनाशकासारखे विष काळाच्या ओघात बहुधा विघटन पावते. धातू हे मूलद्रव्य, त्याचे विघटन होत नाही. तो मातीला किती घट्ट धरून राहतो, हे बरेचसे सामूवर, म्हणजे माती किती आम्लधर्मी आहे यावर ठरते. सल्फर डायऑक्साइडने माती आम्लधर्मी होते आणि आम्लात जस्त, कॅडमियम विरघळून मुळांच्या हाती लागतात. शिसे बहुतांशी मातीतच चिकटून राहते. ते माणसाच्या पोटात जाते धुळीतून, विशेषतः मातीत खेळून हात तोंडात घालणाऱ्या मुलांच्या. भाजीवर बसलेली ही धूळ धुऊन बरीचशी निघते. कॅडमियमचे तसे नाही. रसायनगुणात ते जस्ताचे भावंड, त्यामुळे रोप त्याला जस्ताच्याच वाटेने आत घेते आणि पालकासारख्या पालेभाजीत ते पानात साठते. भाजी दिसायला टवटवीत असते, म्हणूनच हा धोका जास्त. माणसाच्या मूत्रपिंडात कॅडमियम दहा-वीस वर्षे, कधी त्याहूनही जास्त काळ टिकते. जपानमध्ये जिंझू नदीकाठी कामिओका खाणीतून आलेले कॅडमियम भातात उतरले आणि हाडे ठिसूळ करणारा इताई-इताई आजार पसरला. सरकारने त्याचे कारण १९६८ मध्ये मान्य केले. पामर्टन परिसरात जनावरांनाही झळ बसली: भट्टीजवळ वाढलेली शिंगरे सांधे बिघडून लंगडू लागल्याची नोंद १९८२ मध्ये झाली.

१९८३ मध्ये पामर्टनचा परिसर अमेरिकेच्या ‘सुपरफंड’ यादीत, म्हणजे सफाईसाठी निवडलेल्या प्रदूषित जागांच्या यादीत आला. अख्ख्या डोंगराची माती खरवडून नेणे शक्य नव्हते, तेव्हा धातू जागच्या जागी जखडून ठेवण्याचा मार्ग निवडला गेला. १९९१ पासून उतारांवर सांडपाण्याचा गाळ, कोळशाची राख आणि चुना यांचे मिश्रण पसरले. चुन्याने आम्लता उतरते, गाळातल्या सेंद्रिय पदार्थाला धातू चिकटतात. जस्त पानांत साठवणाऱ्या वनस्पतींच्या साह्याने ते उपसून काढण्याचे प्रयोगही येथे झाले, पण इतक्या धातूपुढे ती वाट फार लांबची आहे.

याच डोंगरातल्या लीहाय गॅप या खिंडीत २००३ नंतर उंच वाढणारी स्थानिक गवते पेरली गेली. ती धातू बव्हंशी मुळांत अडवतात आणि दरवर्षी वाळून नवी माती घडवतात. बर्च आणि पॉप्लरची झाडे मात्र जस्त-कॅडमियम पानांत ओढतात आणि पानगळीबरोबर ते पुन्हा वरच्या थरात येते. म्हणून या डोंगरावर आपोआप उगवलेली ही झाडे काढून टाकावी लागतात.