सेल बटणाएवढा, करामती केवढ्या!

पहाटे बदलापूरहून कोंडेश्वराकडे किंवा अंबरनाथच्या शिवमंदिराच्या बाजूला धावणाऱ्यांतल्या काहींच्या टी-शर्टाखाली छातीला पट्टा आवळलेला असतो आणि ठोक्यांचा आकडा मनगटावरच्या घड्याळात दिसतो. एक दिवस तो आकडा गायब होतो. पट्टा कचऱ्यात टाकू नका. बहुतेक वेळा यंत्र ठणठणीत असतं, सेल उतरलेला असतो.

सेलची सगळी कुंडली त्याच्या पाठीवर छापलेली असते. ‘सीआर २०३२’ मधला ‘सी’ म्हणजे लिथियम आणि मँगनीज डायऑक्साइडचं रसायन, ‘आर’ म्हणजे गोल. व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२. त्याचा भाऊ २०२५ फक्त ०.७ मिलिमीटरने पातळ. दोघेही ३ व्होल्टचे, म्हणून दुकानदार बिनधास्त सांगतो, “घ्या हो, चालून जाईल.” नाही चालत! पातळ सेल जाड्याच्या जागी सैल बसतो आणि धावताना मध्येच दगा देतो. पोलरच्या ‘एच १०’ पट्ट्याला २०२५ लागतो, गार्मिनच्या बऱ्याच पट्ट्यांना २०३२. जुना सेल खिशात घालूनच दुकानात जावं.

सेल अकाली उतरण्यामागे बरेचदा घाम असतो. पट्टा ओला राहिला की यंत्राला वाटतं, मालक अजून धावतोच आहे. मग ते रात्रभर खुंटीवर ठोके शोधत बसतं. आपल्याकडे जुलैत रुमालसुद्धा दोन दिवस वाळत नाही, तिथे पट्ट्याचं काय! घरी आल्यावर पट्ट्यावरचं यंत्र सोडवून ठेवा, बस्स.

नवाकोरा सेल टाकला तरी यंत्र ढिम्म? पोरांनी तोंडात घालू नये म्हणून काही कंपन्या सेलला कडूजहर लेप देतात. तोच कधीकधी विजेच्या आड येतो. ॲपलने आपल्या एअरटॅगबाबत (हरवलेल्या वस्तू शोधून देणारी चकती) तसा इशाराच दिलेला आहे. सेल बदलताना जुना काढल्यावर अर्धा मिनिट थांबा, आणि झाकणाखालची रबरी रिंग हरवू नका. ती गेली की घाम थेट आत.

आता थोडी गंमत. फिनलंडच्या पोलर कंपनीने १९८२ साली बिनतारी हृदयठोका-मापक बाजारात आणला. त्या जुन्या धाटणीच्या पट्ट्यांमध्ये शेजारी धावणाऱ्याचे ठोके आपल्या घड्याळात उमटायचे. नवराबायको जोडीने धावत असतील तर कोणाचा जीव कोणासाठी धडधडतोय, कळायचं नाही! विजेच्या रेल्वेच्या ओव्हरहेड तारांजवळही आकडे भरकटू शकतात, असं पोलरची माहितीपुस्तिका सांगते. आपल्या मध्य रेल्वेच्या तारांत २५,००० व्होल्ट असतात. कल्याण-कर्जत रुळांलगत धावणाऱ्याने २२० चा आकडा पाहून लगेच डॉक्टर गाठू नये; आधी तारांपासून लांब जाऊन पुन्हा पाहावं. छातीत खरोखर दुखत असेल तर मात्र आकडा न बघताच गाठावा.

पट्टा ओला करूनच का बांधायचा? पट्टा टिपतो ती हृदयाची वीज, आणि ओल्या त्वचेतून ती नीट वाहते. लंडनच्या ऑगस्टस वॉलर यांनी आपल्या जिमी नावाच्या बुलडॉगचे पाय मिठाच्या पाण्यात बुडवून त्याच्या हृदयाची वीज मोजून दाखवली होती. कुत्र्याचा छळ झाला म्हणून १९०९ मध्ये थेट ब्रिटिश संसदेत प्रश्न विचारला गेला.

कोविडमध्ये घरोघरी आलेला ऑक्सिमीटर आठवतोय? तोही ठोके मोजतो. उल्हासनगरच्या पाचही कॅम्पांत आज तो कपाटात पडून असेल, पोटात गळके सेल घेऊन. अल्कलाइन सेलची पांढरी बुरशी लिंबाच्या रसाने निघते. कापसावर थेंबभर पुरे. वापर नसेल तेव्हा सेल काढून ठेवा. ज्यांच्या संशोधनातून हे यंत्र घडलं, ते जपानचे ताकुओ आओयागी एप्रिल २०२० मध्ये, जगाला त्याची सर्वाधिक गरज असताना गेले.

पेसमेकरमध्ये मात्र नुसता सेल बदलत नाहीत. डबी सीलबंद असते, त्यामुळे सेल संपला की डबीच नवी बसवतात. स्वीडनच्या आर्ने लार्सन यांच्या छातीत १९५८ साली बसवलेला पहिला पेसमेकर काही तासच टिकला. पठ्ठ्याने पुढे वीसहून जास्त पेसमेकर वापरले आणि ८६ वर्षं जगला! दहनाआधी पेसमेकर काढावाच लागतो, कारण आगीत तो फुटतो.

बटण सेल मुलाने गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. उलटी करवू नका, तडक रुग्णालयात न्या. जुन्या सेलला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावा आणि ई-कचऱ्यातच द्या.