चोवीसचा भागाकार
छोटी मोटार, मोठी हौस : लेखांक ५

मागच्या लेखांकात फोर्ड मॉडेल टीच्या किटमधले भाग चौकटीतून कापून, घासून, गोंद न लावता जुळवून पाहिले. आता डिटेलिंग. हे नाव निघालं की हौशी माणसाला वाटतं, जितक्या जास्त तारा आणि जितके जास्त स्क्रू, तितकं मॉडेल खरं. तसं काही नसतं. निम्मं डिटेलिंग म्हणजे भागाकार आणि उरलेलं निम्मं म्हणजे गाडीची नीट माहिती.

आपलं किट १:२४ मापाचं, १९१३ सालच्या गाडीचं. खऱ्या मॉडेल टीच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर १०० इंच, म्हणजे २५४० मिलिमीटर. चोवीसने भागलं की येतात साधारण १०६. लांबी-रुंदी किटवाले सहसा चुकवत नाहीत. गडबड होते ती जाडीत. साच्यात प्लास्टिक नीट पसरावं म्हणून भाग जाडच ठेवावे लागतात. मडगार्डची कड एक मिलिमीटर असली, तर खऱ्या गाडीच्या हिशेबाने तो २४ मिलिमीटरचा पत्रा झाला! खरा पत्रा जेमतेम मिलिमीटरभर.

उपाय सोपा आहे. सोनारकामाची अर्धगोल कानस घ्या आणि मडगार्ड फक्त आतल्या बाजूने, कडेलगत, तिरपं घासत जा. बाहेरच्या बाजूला हात लावायचा नाही. मडगार्ड उजेडासमोर धरलं की कड अर्धपारदर्शक दिसू लागते, तिथे थांबा. मग ८०० नंबरचा वॉटर पेपर ओला करून फिरवा. मधला भाग जाडच राहतो, पण तो कुणाला दिसत नाही.

काचेचंही तेच. किटमधली काच बाजूला ठेवा आणि नव्या शर्टाच्या खोक्याचं पारदर्शक झाकण कापून बसवा. ते चिकटवायला फेविकॉल वापरा. सुपरग्लूच्या वाफेने काच पांढुरकी होते.

आता तारा. मॉडेल टीला डिस्ट्रिब्युटर नव्हता. फ्लायव्हीलवरच्या चुंबकांतून वीज तयार व्हायची, ती ड्रायव्हरसमोरच्या लाकडी पेटीतल्या चार कॉइल्सना जायची आणि तिथून चार तारा चार प्लगना. म्हणजे प्लगच्या तारा चारच हव्यात, आणि त्या पेटीच्या बाजूनेच यायला हव्यात. खरी तार सात मिलिमीटर धरली, तर मॉडेलवर ०.२९. मोटर वाइंडिंगच्या दुकानात ३१ गेजची तांब्याची तार मागा, बरोब्बर त्याच जाडीची मिळेल. तारेसाठी परदेशी डिटेलिंग सेट मागवायची काहीच गरज नाही.

काय लावायचं नाही, हेही लक्षात ठेवा. या गाडीत पाण्याचा पंप नाही. गरम पाणी आपोआप वर चढायचं आणि रेडिएटरमध्ये थंड होऊन खाली उतरायचं. पेट्रोलचाही पंप नाही. टाकीतून ते उताराने यायचं. पेडल तीन, पण त्यात ॲक्सिलरेटर नाही. डावं क्लचचं, मधलं रिव्हर्सचं, उजवं ब्रेकचं. वेग वाढवायचा तो स्टिअरिंगखालच्या दांडीने. चौथं पेडल लावलंत की जाणकार माणूस तिथेच हसेल.

आपल्याकडची गाडी करायची असेल, तर आणखी एक बदल. ब्रिटिश साम्राज्यातल्या देशांना फोर्डच्या गाड्या कॅनडातून जायच्या आणि त्या उजव्या स्टिअरिंगच्या असायच्या. किट अमेरिकन गाडीचं, म्हणून डाव्या स्टिअरिंगचं. जुनं भोक पुटीने बुजवा, उजवीकडे तेवढ्याच अंतरावर नवं पाडा. पेडल आणि हँडब्रेकची दांडीही सोबत हलवा.

रंगाबाबत दोन गैरसमज आहेत. फोर्डचा तो प्रसिद्ध काळा रंग १९१४ पासूनचा. १९१३ च्या गाडीला गडद निळा शोभेल. टायरही काळेकुट्ट नकोत. रबरात काजळी मिसळायची पद्धत पुढे रुळली, त्याआधीचे टायर पांढुरके-करडे असत. रेडिएटर आणि दिव्यांच्या कडा मात्र पितळी. रंगाचे थर पातळ द्या, कारण मॉडेलवरचा ०.१ मिलिमीटरचा थर खऱ्या गाडीवर २.४ मिलिमीटरचा होतो. आपल्या बालाघाटच्या पावसाळ्यात लॅकर फवारू नका. दमट हवेत त्यावर पांढरी झाक धरते. दसऱ्यानंतर कोरडं ऊन पडलं की हे काम उरकावं.

शेवटी धूळ. बाहेरची मुरमाची माती थेट टाकली, तर अर्ध्या मिलिमीटरचा कण मॉडेलवर १२ मिलिमीटरची खडी होतो. माती वाळवा, मलमलच्या दुहेरी कापडातून गाळा, आणि कोरड्या ब्रशने मडगार्डच्या आतून व चाकांच्या आऱ्यांवर हलकी लावा. बॉनेट आणि दारं स्वच्छच ठेवा. त्या काळी मोटार ज्याच्या दारात होती, त्याच्याकडे ती पुसायला माणूसही होता.

पुढच्या लेखांकात टपाचं कापड आणि सीटचं चामडं घेऊ. तोवर किटमधला प्रत्येक भाग मोजा, चोवीसने गुणा आणि खऱ्या गाडीत तो तेवढा जाड असेल का, हे वहीत लिहून ठेवा.