आत्याबाई कुठं पडल्या, ते आधी विचारा



"वय झालं, पडायचंच," असं आपण सहज म्हणून जातो. जगात दरवर्षी अंदाजे 6 लाख 84 हजार माणसं पडून दगावतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यात साठीच्या पुढची जास्त. मुरुड भागातल्या गटांच्या बैठकीत आम्ही मात्र एवढंच विचारतो: तुमच्या आत्याबाई वर्षभरात किती वेळा पडल्या? बहुतेकींना ठाऊक नसतं. म्हातारं माणूस सांगतच नाही. सांगितलं तर घरचे रागावतील, देवळाला जाणं बंद करतील, ही भीती. म्हणून चहा पिताना सहज विचारा. कुठं पडलात, काय करताना? उपाय त्या उत्तरातच असतो.

रात्री उठताना पडल्या असतील, तर बाजेच्या कडेला आधी बसायचं, पाय हलवायचे, दहा अंक मोजायचे, मग उभं राहायचं. उशाशी बॅटरी ठेवायची. बीपीच्या गोळीनंही अंधारी येते. तसं झालं तर डॉक्टरांना सांगा, गोळी आपल्या मनानं बंद करू नका.

न्हाणीत पडल्या असतील, तर शेवाळ घासून काढा आणि भिंतीत पक्की दांडी बसवा. आपल्याकडं नळाचं पाणी कधी येईल याचा नेम नाही, त्यामुळं ड्रम-घागरी वाटेतच असतात. न्हाणीची वाट तेवढी मोकळी ठेवा.

पडतील म्हणून त्यांना बसवून ठेवणं हे तर सगळ्यात वाईट. बसून पायातली ताकद जाते आणि माणूस जास्तच पडतं. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून रोज दहा वेळा उठ-बस करायला लावा. जवळ कुणीतरी थांबा. व्यायाम म्हटलं की आज्या हसतात. पण पंचाहत्तरीनंतर एसटी फुकट आहे, पायरी चढता यायला नको का, असं म्हटलं की लगेच उठतात!

पडल्यावर मात्र खसकन ओढून उठवू नका. खुब्यात कळ येते, पाय आखूड दिसतो किंवा बाहेर वळलाय, टेकवत नाही, तर हाड मोडलं असं समजा. चोळू नका, 108 ला फोन लावा. डोक्याला मार लागला आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, तर दुखत नसलं तरी दवाखान्यात न्या.

काठी किंवा कमोड खुर्ची घ्यायची असेल, तर 2024 च्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वर्षांपुढच्यांना एकदा 3000 रुपये मिळण्याची तरतूद आहे. घरचं वार्षिक उत्पन्न 2 लाखांच्या आत लागतं. आधार कार्ड आणि बँकेचं पासबुक काढून ठेवा.