चाक चाकोरीतच बरे

पाऊस पडून गेला म्हणजे लगेच रानात औत घालायचे नाही, वाफसा यायची वाट पाहायची, ही गोष्ट शेतकऱ्याच्या पोराला शाळेत शिकवावी लागत नाही. ओल्या काळ्या रानात बैल घातले तर खुरांनी चिखल होतो. ट्रॅक्टर घातला तर चाकाखालची माती दबून विटेसारखी घट्ट होते आणि तेवढ्या पट्ट्यातले पीक खुरटे राहते. म्हणून घरातला जाणता माणूस बांधावरूनच सांगतो, "थांब, अजून वाफसा नाही."

जंगलाला आणि माळरानालाही हाच नियम लागू आहे. फरक इतकाच, की तिथे "थांब" म्हणायला बांधावर कोणी उभे नसते.

अलीकडे शनिवार-रविवार आला की शहरातून उंच टायरांच्या जीपगाड्या, आडरानात पळवायच्या मोटारसायकली आणि चार फुगीर चाकांच्या बग्ग्या निघतात. रस्ता सोडून डोंगर, पठार, ओढा, वाळू यांवरून गाडी न्यायची, हीच त्यांची हौस. तुमच्या गावाजवळ पठार, धरण, समुद्रकिनारा किंवा अभयारण्य असेल, तर असे पाहुणे तुम्ही पाहिले असतील. त्यांचे पाहून आपली पोरेही मोटारसायकली घेऊन माळावर चढू लागली आहेत.

अशा वेळी घराघरांत प्रश्न निघतात. ही जागा कोणाची? इथे गाडी घालायची मुभा कोणाला? आमच्या मेंढरांना हाकलता, मग या गाड्यांना का नाही? आमच्या बैलगाडीला आणि ट्रॅक्टरला काय नियम? या प्रश्नांचीच उत्तरे आज पाहू.

चाकाखाली काय जाते?

आधी नुकसान समजून घेऊ, म्हणजे नियम जाचक वाटणार नाहीत.

साताऱ्याजवळचे कासचे पठार घ्या. २०१२ साली पश्चिम घाटातील इतर स्थळांबरोबर त्याला युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले. हे पठार म्हणजे जांभ्या दगडाचा सडा. त्यावर मातीचा थर इतका पातळ, की कुदळ मारली तर खणकन दगड लागावा. एवढ्याशा मातीत पावसाळ्यात तेरडा, सोनकी, सीतेची आसवे अशी नाना फुले येतात. त्यांचे बी उन्हाळाभर त्याच मातीत पडून असते. ओल्या सड्यावरून गाडी फिरली की चाकाला चिकटून माती निघते, मातीबरोबर बी निघते, आणि मागे दगड उरतो. शेतातली दबलेली माती आपण नांगरून मोकळी करतो. सड्यावर नांगर कोण घालणार?

डोंगरउताराचे तर विचारूच नका. सरळ वर चढलेल्या गाडीची चाकोरी पहिल्याच मोठ्या पावसात ओघळ होते आणि पुढे त्या ओघळीची घळ होते. वाहून आलेली माती खालच्या पाझर तलावात आणि बंधाऱ्यात बसते. ज्या डोंगरावर गावाने उन्हातान्हात सलग समतल चर खणले, त्याच चरांवरून गाड्या उड्या मारीत गेल्या तर चरांची कड ढासळते. पाणी चरात न थांबता तुटलेल्या जागेतून एकदम खाली येते. हौस पाहुण्याची झाली, पण मार्चात विहीर तळाला गेली ती आपली.

माळरानाची गोष्ट आणखी वेगळी. टिटवी, चंडोल, तितर हे पक्षी जमिनीवरच अंडी घालतात. माळढोकही जमिनीवरच अंडे घालतो, आणि तेही बहुधा एका वेळी एकच. त्याच्यासाठी १९७९ साली सोलापूरकडील नान्नज भागात अभयारण्य झाले. मातीच्या रंगाचे ते अंडे पायी चालणाऱ्या गुराख्याला दिसले तर दिसेल, भरधाव गाडीतल्या माणसाला दिसणार नाही.

कोकणातही तेच. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावात २००२ पासून कासवांची अंडी जपण्याचे काम सुरू झाले. मादी रात्री वाळूत खड्डा करून अंडी घालते. पिले बाहेर पडली की समुद्राकडे सरपटत जातात. वाटेत गाडीच्या चाकोरीचा खोल चर लागला तर हाताच्या बोटाएवढे पिलू त्यात अडकते, आणि कावळे-कुत्री टपलेलीच असतात.

कायदा काय सांगतो?

'राष्ट्रीय उद्यान' या नावातल्या उद्यान शब्दाने पुष्कळांची समजूत होते, की ही म्हणजे फिरायची बाग. तसे नाही. आपल्या राज्यातले पहिले राष्ट्रीय उद्यान ताडोबा, ते १९५५ साली झाले. अशी उद्याने आणि अभयारण्ये १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. त्या कायद्याने आत जाण्याची मुभा मोजक्यांनाच आहे. कामावरचा सरकारी नोकर, परवानगीने आत राहणारा माणूस, आत ज्याची जमीन किंवा घर आहे तो हक्कदार, त्यांच्यावर अवलंबून असणारी माणसे, अभयारण्यातल्या सार्वजनिक हमरस्त्याने नुसता पार जाणारा प्रवासी आणि रीतसर परवाना घेतलेला माणूस. पर्यटनासाठी जाणारा हा परवानेवाला झाला. परवान्यात जी वाट आणि जी वेळ दिली असेल तेवढीच त्याची. वाट सोडून गाडी आत घालण्याचा हक्क तिकिटाबरोबर मिळत नाही.

यातली एक गोष्ट शेतकऱ्याने नीट ध्यानात घ्यावी. अभयारण्याच्या हद्दीत तुमची जमीन असेल, तर तिथे जाण्या-येण्याची मुभा कायद्यानेच दिली आहे. मात्र ही मुभा तुमच्या शेतापर्यंतच्या वाटेची आहे. जवळचा म्हणून जंगलातून नवा रस्ता पाडणे, वाट सोडून ट्रॅक्टर नेणे, हे तिच्यात बसत नाही. सातबाऱ्याचा उतारा जवळ असू द्या, आणि ट्रॅक्टर-गाडीची वाट वनरक्षकाशी बोलून एकदा पक्की करून घ्या. पुढचे तंटे वाचतील.

राष्ट्रीय उद्यानात गुरे चारायला मनाई आहे. परंतु आत जायची परवानगी असलेल्या माणसाने जनावर वाहन म्हणून वापरले, तर ते आत नेता येते, असे कायद्यातच लिहिले आहे. कायद्याला आपली बैलगाडी ठाऊक आहे. आत गेल्यावर वन्य प्राण्यांना छेडणे आणि कचरा टाकणे हे दोन्ही गुन्हे आहेत, मग गाडी लाखाची असो की छकडा असो.

२०२२ साली या कायद्यात दुरुस्ती होऊन शिक्षा वाढल्या. साध्या उल्लंघनालाही तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. गुन्ह्यात वापरलेली आणि जप्त झालेली गाडी सरकारजमा करण्याचीही तरतूद कायद्यात आहे. कर्ज काढून घेतलेली मोटारसायकल किंवा ट्रॅक्टर एका दिवसाच्या मौजेपायी अडकला, तर हप्ते कोण भरणार, याचा विचार घरात आधीच व्हावा.

अभयारण्य नसलेल्या राखीव वनातही विनापरवाना शिरणे हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाखाली गुन्हा आहे. गुराख्याला लागू होणारा कायदा जीपवाल्यालाही तसाच लागू होतो. कायद्यात भेद नाही. भेद होतो तो तक्रार न झाल्यामुळे.

गाडीचे कागद आणि घरचे पोर

"रस्त्यावर थोडीच नेतोय? माळावर कशाला लायसन?" असे पोरे म्हणतात. हे खरे नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात 'सार्वजनिक जागा' म्हणजे केवळ डांबरी सडक नव्हे. जिथे लोकांना जाण्याचा हक्क आहे, अशी कोणतीही जागा त्यात येते. म्हणून नोंदणी, लायसन आणि विमा हे तिथेही लागतात. क्रमांकाची पाटी नसलेली बग्गी अशा जागी चालवता येत नाही.

२०१९ च्या दुरुस्तीने आईबापांवर मोठी जबाबदारी टाकली आहे. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड आहे. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन मिळत नाही. मुलाला गाडीची किल्ली देताना हे आठवावे.

सफारीतली गाडी आणि गावची मुले

व्याघ्र प्रकल्पांभोवतीच्या पुष्कळ गावांत आज आपलीच मुले सफारीच्या गाडीवर चालक किंवा वाटाडे म्हणून कामाला आहेत. या गाड्यांसाठी २०१२ साली केंद्राकडून मार्गदर्शक नियम आले. प्राण्यापासून किमान वीस मीटर अंतर ठेवावे, त्याला घेरू नये, त्याला खाऊ घालू नये. ताडोब्याचे गाभा क्षेत्र दर पावसाळ्यात १ जुलै ते ३० सप्टेंबर पर्यटकांना बंद असते. आपल्या भाषेत सांगायचे, तर जंगलाला वाफसा येईपर्यंत चाक बाहेर.

नियम मोडला तर काय होते, हे ३१ डिसेंबर २०२४ रोजी दिसले. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात सफारीच्या गाड्यांनी वाघीण आणि तिच्या बछड्यांची वाट दोन्ही बाजूंनी अडवली. त्याची चित्रफीत सगळीकडे फिरली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. चालक आणि वाटाड्यांवर निलंबनाची आणि दंडाची कारवाई झाली. गाडीत बसलेला पाहुणा "अजून जवळ घे, अजून जवळ घे" म्हणतो आणि संध्याकाळी आपल्या शहरात निघून जातो. काम सुटते ते गाडी चालवणाऱ्याचे. तेव्हा पाहुण्याला हात जोडून "नाही" म्हणायची सवय आपल्या मुलांनी लावून घ्यावी. बक्षिसाच्या नोटेपेक्षा रोजची भाकरी मोठी.

दुसरीकडे काय करतात?

आपल्याकडे ही हौस नवी आहे. अमेरिकेत ती कधीचीच बोकाळली होती. तिथल्या मोजावे वाळवंटात १९४२ ते १९४४ या काळात लष्कराने रणगाड्यांचा सराव केला. त्यांच्या चाकोऱ्या कित्येक दशकांनंतरही जमिनीवर दिसत राहिल्या. पुढे हौशी लोकांच्या गाड्या इतक्या वाढल्या, की १९७२ साली अध्यक्ष निक्सन यांनी सरकारी जमिनींवरील अशा वाहनांबाबत आदेश काढला. वाट आखताना माती, पाणलोट आणि झाडोऱ्याला कमीत कमी इजा व्हावी, प्राण्यांना कमीत कमी त्रास व्हावा, आणि त्या जागेत येणाऱ्या इतर माणसांशी तंटा होऊ नये, हे त्याचे सूत्र होते. १९७७ साली अध्यक्ष कार्टर यांनी त्यात भर घातली, की मोठे नुकसान दिसले तर अधिकाऱ्याने ती वाट ताबडतोब बंद करावी.

केप हॅटरस नावाच्या तिथल्या समुद्रकिनाऱ्यावर २०१२ साली आणखी बारीक नियम झाले. गाडीला परवाना हवा, वेग ताशी सुमारे चोवीस किलोमीटरच्या आत हवा, कासवांच्या हंगामात रात्री गाडी बंद. गाडीत फावडे, जॅक, जॅकखाली ठेवायची फळी आणि टायरची हवा मोजायचे मीटर सक्तीचे. हौसेला बंदी केली नाही, तिला वाट आखून दिली.

गावाने काय करावे?

१. गावाभोवतीची जमीन कोणती वनखात्याची, कोणते गायरान आणि कोणती खासगी, हे तलाठी आणि वनरक्षक यांच्याकडून समजून घ्या. हद्द ठाऊक असेल तर बोलायला बळ येते.

२. गाड्या ज्या ठिकाणी रस्ता सोडतात, तिथे मोठे दगड किंवा चर टाकता येईल का, हे ग्रामपंचायत आणि वनखाते यांना विचारा. परवानगीशिवाय आपण होऊन रस्ता खणू नका.

३. गाडी आत घुसताना दिसली तर क्रमांक, वेळ आणि जागा लिहून ठेवा. जमले तर फोटो काढा आणि वनरक्षकाला किंवा पोलिसांच्या ११२ क्रमांकावर कळवा. हमरीतुमरी करू नका, गाडीला हात लावू नका.

४. पैशाच्या मोहाने आडवाट दाखवू नका. ओढ्यात फसलेली गाडी ट्रॅक्टरने ओढून देणे हे माणुसकीचे काम आहे, पण पुढच्या आठवड्यात तिला तिथेच बोलावणे हा धंदा आपल्याच पाण्यावर उठेल.

५. पाहुण्यांना गावात गाडी लावायला जागा द्या, पायी फिरवून आणा, घरचे जेवण द्या. कासजवळच्या गावांनी वनखात्याबरोबर समित्या करून पाहुण्यांची व्यवस्था हाती घेतली आणि गावातल्या हातांना काम मिळाले.

६. घरच्या मुलांना चाकोरीचा अर्थ आजोबांनी समजावून सांगावा. ते काम फलकाने होत नाही.

१५ ऑगस्टला ग्रामसभा भरेल. त्या वेळी पावसाळा भरात असतो, माळ हिरवा असतो आणि नेमक्या त्याच दिवसांत गाड्या येतात. या ग्रामसभेत रस्ते, दिवे, नळ यांबरोबर आपल्या माळाचा आणि डोंगराचाही विषय मांडा. ठराव दोन ओळींचा पुरे : आमच्या हद्दीत चाक रस्त्यावर राहील, पाहुण्याचेही आणि आमचेही.